सात राजीनामे

प्रिय हेवॉन,

तुझा किमचीचा डबा काल पोचला. झाकण उघडलं आणि मी स्वयंपाकघरातच फतकल मारून रडत बसले. वरची तुझी चिठ्ठी किती वेळा वाचली कोण जाणे. "ताई, मंडळानं केलं त्याचं खापर स्वतःवर कशाला फोडून घेतेस? नीट जेवत जा, हाडं दिसायला लागलीत तुझी." नोकरी गेली तुझी, आणि समजूत काढतेस माझी!

ऑफिसात आता आम्ही चौघंच. नकाशांची खोली भाड्याने दिली, तिथे एक बाई मुलींची नखं रंगवते. तुझी गावं दोंगसूकडे आली आहेत आणि तो दिवसभर करवादतो. परवा तो वीजकेंद्राजवळच्या गावात गेला, तर म्हाताऱ्यांनी त्याला दारातच अडवलं. "तू कोण रे? आमची पोर कुठाय?" आठ वर्षं तू त्यांच्या कुंपणांवर पांढरे अभ्रे वाळत घातलेस आणि कोळशाच्या धुळीनं काळे झाले की जिल्हा कचेरीत नेऊन टेबलावर पसरलेस. साहेब नाक मुरडायचे. तू हसून म्हणायचीस, "धुतलेलेच आहेत हो, हात लावून बघा!" दोंगसू तू आजारी आहेस असं सांगून आला. मी त्याला रागावलेसुद्धा नाही.

संस्थेची परदेशातली देणगी बंद झाली आणि मंडळानं फेररचनेचा कागद पाठवला, सातांतले चारच राहतील म्हणून. तेव्हा राजीनाम्यांची कल्पना माझीच होती. आपल्याकडे हे चालतंच ना. सगळ्यांनी मिळून राजीनामे ठेवायचे, वरच्यांनी गहिवरायचं आणि ते परत करायचे. परत मिळणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. मला वाटलं, सात पाकिटं बघून मंडळाला लाज वाटेल, चार ठिकाणी फिरून पैसे उभे करतील. सगळे तोंड पाडून लिहीत होते आणि तू मला डोळा मारलास, "ताई, कारण काय लिहू? कौटुंबिक की हवामान?" केवढे हसलो होतो आपण.

अध्यक्षबाई गहिवरल्या नाहीत. चहा पीत त्यांनी सातही पाकिटं नीट रचली आणि म्हणाल्या, "बरं केलंत मिरानबाई, काढून टाकायची कटकट वाचली." त्यातलं माझं पाकीट तेवढं त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी ते पर्समध्ये टाकलं. तिथेच ते त्यांच्यासमोर पुन्हा ठेवायला हवं होतं, पण ठेवलं नाही. दोघं तसेही सोडून जाणार होते, एकाला पुढे शिकायचं होतं, दुसरीचं लग्न ठरलं होतं. तिसरं नाव तुझं निघालं, बाकी तिघांची पाकिटं परत आली. तुला एवढंच माहीत आहे.

मंगळवारी तू मला जेवायला बोलावलं आहेस. तुझी आई माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढेल आणि "माझ्या मुलीचं मंडळानं वाटोळं केलं" म्हणून डोळे पुसेल. ते ऐकत मला तिथे बसवणार नाही, हेवॉन. तुझं नाव मंडळानं काढलं नाही. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तिसरं कोण? तुम्ही ओळखता माणसं. तमाशा न करता कोण जाईल?" दोंगसूनं टेबल उलथलं असतं, वर्तमानपत्रात गेला असता. तू मात्र माझ्याकडे बघून गप्प बसली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवायच्या आत मी तुझं नाव सांगितलं. तू माझ्यावर जीव टाकतेस, म्हणूनच सांगितलं. माफी मागायला हे लिहीत नाही, मागायला तोंडच नाही. पण आठ वर्षांत पहिल्यांदाच सांगते, माझ्यासाठी गप्प बसू नकोस. आईला सांग, दोंगसूला सांग, गावातल्या म्हाताऱ्यांना सांग. मंगळवारी मी येणार नाही.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
मिरान