एड्ना, मॉरीन आणि व्हिटबीची सहल

रविवार, ६ एप्रिल
आजपासून नियमित लिहायचं. एड्ना म्हणजे माझी सत्तावन्न सालची मोटरसायकल, पाचशे सीसी, एकच सिलिंडर. हिवाळाभर शेडमध्ये झोपली होती. आज उठवली. म्हणजे उठवायला घेतली. किक मारणं हे ताकदीचं नव्हे, तंत्राचं काम आहे. पिकरिंग गावात हे फक्त मला कळतं.
चालू झाली नाही. हवा दमट.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोने अट घातली. २५ मेला लग्नाचा वाढदिवस. लग्नाच्या वर्षी नेलं होतंस तसं एड्नावरून मला समुद्रकाठी व्हिटबीला ने, नाहीतर ट्रेव्हर एड्नाला गिऱ्हाईक घेऊन येईल आणि शेडमध्ये मी टोमॅटो लावीन, असं मॉरीन म्हणाली. ट्रेव्हर हा तिचा भाऊ. त्याच्याकडे जपानी मोटरसायकल आहे, बटण दाबलं की चालू होते. तिला मोटरसायकल म्हणायचं तर आमच्या मिक्सरलाही म्हणावं लागेल.
मागे बसायला मॉरीन किती आतुर आहे, हे तिच्या आवाजावरून कळलं. बोलून दाखवत नाही एवढंच.

रविवार, १३ एप्रिल
किकने उलटा तडाखा दिला. गुडघा सुजला. हे चांगलं लक्षण आहे. इंजिनात जीव आहे.
डॉक्टरांना बागेत पडलो असं सांगितलं.

मंगळवार, २२ एप्रिल
दोष माझा नाही, पेट्रोलचा आहे. हल्ली त्यात काय काय मिसळतात. प्लग घासून चकचकीत केला. मॉरीन टूथब्रश शोधत होती. मी तो खिशात सरकवला.
इंजिनाखाली तेल गळतं, म्हणून तिथे ओव्हनमधला पुडिंगचा साचा ठेवला होता. मॉरीनला तो सापडला. रात्री जेवायला टोस्ट.

शनिवार, १० मे
शेजारच्या मिसेस ओल्डरॉइड कुंपणावरून म्हणाल्या, "डग्लस, नातवंडं आलीत रे, जरा तोंड आवर!" मी कार्बुरेटरशी तांत्रिक भाषेत बोलत होतो. सामान्य माणसांना काय कळणार!
गुडघा बरा. दुसरा सुजलाय.

शनिवार, २४ मे
ट्रेव्हर टेप घेऊन आला. एड्ना व्हॅनमध्ये मावते का ते मोजलं. वर म्हणतो, "काय राव डग, अजून व्यायामच चाललाय का?" मी लक्ष दिलं नाही. मग शेडमध्ये एकटाच बसलो. एड्ना गेली तर मी दिवसभर करू काय? मॉरीनशी बोलू?

रविवार, २५ मे, दुपार, व्हिटबी
पहिल्या किकला! पहिल्या! धडधड धडधड, सगळी गल्ली दणाणली. शेवटी तंत्र.
आता नियम एकच: चालू झाली की थांबायचं नाही. मॉरीनला ओरडून सांगितलं, बस पटकन. बसली. फाटकातून बाहेर पडल्यावर वेग कमी केला, ती उतरली, तिने फाटक लावलं, मी गाडी रांगवत ठेवली. मग सीट जराशी हलल्यासारखी वाटली. निघालो.
काय पळाली! चढावर पूर्वी कुंथायची, आज पिसासारखी हलकी. हे सगळं माझ्या ट्यूनिंगमुळे. वाटेत मॉरीनला कार्बुरेटरचं काम नीट समजावून सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मध्ये तोंड घातलं नाही. मन भरून आलं. तसं बोलूनही दाखवलं. माझं तुझ्यावर प्रेम आहे असं म्हणालो, तेही भर हमरस्त्यावर, मोठ्याने.
बंदरावर फिश अँड चिप्स सांगितले, दोन प्लेट. मग व्हिनेगर किती घालू हे विचारायला वळलो.

त्याच दिवशी, उशिरा
मागची सीट रिकामी बघून भांबावलो आणि इंजिन बंद करून बसलो. नंतर अर्थात चालू झालं नाही. मॉरीनला फोन केला. मला वाटलं, फाटकापाशी रडत असेल. ती टबात होती. म्हणाली, "अगं बाई, पोचलास? सावकाश ये हो, घाई कसली! इतकी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती." मला धीर देत होती बिचारी.
दोन्ही प्लेट मीच संपवल्या. ट्रेव्हर व्हॅन घेऊन आला. वाटभर हसत होता.

सोमवार, २६ मे
बँक हॉलिडेची सुट्टी. अट पुरी झाली नाही, म्हणून एड्नाला शेवटचं पुसायला गेलो. तेवढ्यात मॉरीनने ट्रेव्हरला फोनवर ठणकावलं, "गाडीला हात लावायचा नाही. डग दर रविवारी फिरायला जाणार आहे. लांब." शेवटी पटलं तिला! माझ्या कष्टांचं चीज झालं.

रविवार, १ जून
मॉरीन सकाळपासून दारात, हातात माझं हेल्मेट आणि सँडविचं. नवऱ्याच्या छंदात एवढा रस घेणारी बायको भाग्यानेच मिळते. एड्ना काही चालू होईना. मी म्हटलं, आज राहू दे, घरीच बसू, गप्पा मारू. मॉरीनचा चेहरा पडला. तिने मिसेस ओल्डरॉइडना हाक मारली. दोघींनी मिळून मला गाडीसकट उतारापर्यंत ढकललं. "आणि ब्रेक लावू नकोस!" असं मॉरीन मागून ओरडली.
लावला नाही. थेट खाली ओढ्याच्या पुलावर येऊन थांबलो. एड्नाने हूं की चूं केलं नाही. गुडघे दोन्ही गेलेत. सँडविचं खाऊन झाली. घरी चार वेळा फोन केला, उचलत नाही.
काळजीत असेल बिचारी.