चौथी वाटी

१२ जानेवारी १९९८, सोमवार
संध्याकाळ, धुळ्याच्या एस.टी.त

बस हलतेय, अक्षर वाकडं येतंय. मांडीवर ग्रीसगन, फडक्यात गुंडाळलेली.

दुपारी रफिकभाईंच्या ट्रकखाली, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटला ग्रीस मारत होतो. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींचा नियम असा की जॉइंटच्या चारही टोकांच्या वाट्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आल्याशिवाय हात थांबवायचा नाही. तिन्हींतून आलं. चौथीतून येईना. तेवढ्यात ओझरचं विमान डोक्यावरून गेलं आणि मी ते बघायला बाहेर. परत आलो तर रफिकभाईंची निघायची घाई. चौथीवर बोटानं नवं ग्रीस फासलं, वरून झाल्यासारखं दिसावं म्हणून. असं का केलं मी?

निघताना ते म्हणाले, "तूने हाथ लगाया ना, बस. अब घाट में बेफिकर."

कोरडा जॉइंट घाटात तुटला तर शाफ्टच खाली येतो. तासाभरानं मिस्त्रींना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी आधी घाटाच्या अलीकडे, चांदवडच्या ढाब्यावर फोन करून गाडी थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "गन घे, बस पकड. ती वाटी उघडून बघ. आणि गाडी का थांबवली ते त्याला तू सांगायचं, मी नाही."

काय सांगू? विमान बघत होतो?

आजवर चार गावं सोडली, काही बिघडलं की कुणाला न सांगता. चौथी वाटी डोळ्यांपुढून हलत नाही. ही बस पुढे धुळ्यापर्यंत जाते.

तिकीट चांदवडचं काढलंय.