ओळखवहीतली माझी ओळ खोडण्यापूर्वी

मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या टाकीतल्या मोठ्या मादीने पाठीवरचा पर ताडकन उभा केला, आणि त्यातून एक नव्हे, चांगले चार तुरे बाहेर आले. त्या क्षणी मी खोटा ठरलो. सबब हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धं, धंदा लोकांच्या घरी जाऊन माशांच्या टाक्या साफ करणे, असे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे (आईचं मत वेगळं आहे), मला ताप नाही आणि माझ्या मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. आठवीत गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी लिहिलेलं मृत्युपत्र याने रद्द समजावं.

मला मरायची अजिबात हौस नाही हेही लिहून ठेवतो, नाहीतर आई हा कागद घेऊन शेजारपाजार गोळा करेल. पण चार महिन्यांपूर्वी मी माशांच्या दुकानात भर गर्दीत ओरडलो होतो, "पुन्हा या दुकानाची पायरी चढलो तर मेलो म्हणून समजा!" आज ती पायरी चढणार आहे. बोललेल्या शब्दाला जागायचं तर आधी मागची व्यवस्था लावली पाहिजे.

झालं ते असं. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे आम्ही दहा-बाराजण दर रविवारी त्या दुकानात जमतो. तिथे एक ओळखवही आहे. नवीन मासा आला की ज्याला ओळखता येईल त्याने वहीत नाव लिहून सही करायची. चुकलं तर ज्याने लिहिलं त्यानेच, रविवारी, सगळ्यांदेखत, लाल पेनाने ते खोडायचं. दुकानदारकाकांची मुलगी, जिला आम्ही सगळे भिंगवाली म्हणतो, तिने स्वतःच्या अकरा ओळी खोडल्यात. मी एकही नाही. याचा मला माज होता.

त्या रविवारी फ्लॅशर रॅस जातीच्या दोन माद्या आल्या. हे मासे बोटाएवढे. नर एरवी लालसर, साधाच दिसतो; पण दुपारी मादी जवळून गेली की सगळे पर उघडतो आणि अंगावर निळी वीज खेळवतो. नराच्या पाठीवरचे तुरे मोजायचे: एक असेल तर बहुधा मॅककॉस्कर, तीन-चार असतील तर कार्पेंटर. माद्या मात्र इथून तिथून सारख्या. माझ्याकडे मॅककॉस्करचा नर होता, त्याला जोडीदारीण हवी होती, म्हणून मी वहीत ठोकून दिलं: "दोन्ही मॅककॉस्कर."

भिंगवालीने भिंग लावून पाहिलं. "अरे, माद्या आहेत. कशावरून म्हणतोस? लिही ना, 'माहीत नाही'."

"माहीत नाही कोण लिहितं? ज्याला माहीत नसतं तो."

"बरोबर. म्हणूनच लिही."

बँकवाले, म्हणजे आमच्यातले रविवारी न चुकता येणारे निवृत्त कॅशियर, खो खो हसले. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. काका म्हणाले, "हळू रे, मासे घाबरतात." तेव्हा मी ते पायरीचं वाक्य फेकलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. जाताना दार लाव, एसीची हवा जाते." मी दार असं लावलं की काचेला तडा गेला. हातात पिशवी, पिशवीत दोन माद्या.

आता वाटणी.

कलम एक. टाकी, दिवे, पंप, मिठाचं पोतं आणि खारेपणा मोजायचं यंत्र धाकट्या बहिणीला. अट एकच, जाळी. हे मासे उड्या मारतात. वरची जाळी एक वीतभरही उघडी राहता कामा नये. त्या रविवारी मी रागारागात माद्या टाकीत सोडल्या, जाळी बाजूला भिरकावली आणि तशीच विसरलो. सकाळी माझा नर टाकीमागच्या फरशीवर पडला होता. नव्या माद्यांपुढे मिरवता मिरवता गेला बिचारा. बहीण म्हणाली, "दादा, तुझ्यावरच गेला होता." तिला तेव्हा मी मारायला धावलो होतो. ते वाक्य आज मी मान्य करतो.

नर गेला की मोठी मादी हळूहळू नर होते, अशी या माशांची रीत आहे. म्हणून तर मंगळवारी तुरे उगवले, आणि तेही चार.

दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला घालावं. पाणी आटलं की शुद्ध गोडं पाणी घालावं. मीठ आटत नाही, हे बाबांना पुन्हा एकदा सांगावं, कारण मागे त्यांनी "पाणी कमी खारट वाटलं" म्हणून स्वयंपाकघरातलं दोन चमचे मीठ टाकलं होतं. त्यांनी ते चाखून कसं पाहिलं हे मी विचारलेलं नाही. रात्री हा मासा स्वतःभोवती पारदर्शक चिकट पिशवी करून झोपतो. तो मेलेला नसतो. आईने किंचाळू नये.

कलम दोन. आईची पिठाची बारीक चाळणी, जी दोन वर्षांपासून सापडत नाहीये, ती माझ्याकडे आहे. तिच्यातून मी माशांसाठी कोळंबीची पिल्लं गाळतो. धुऊन परत करतो. नको असेल तर बहिणीला द्यावी.

कलम तीन. बाबांना माझ्या प्रयोगवह्या. माझ्या वहीतले आकडे दुसऱ्याचे चोरलेले आहेत असं प्रयोगशाळेतले सर म्हणाले, ते माझेच होते, मी वही त्यांच्यासमोर फाडली. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसलेलं हे, की मला कोणी काढलं नव्हतं. सरांनी पुढच्या आठवड्यात निरोप पाठवला होता, ये म्हणून. परत जायचं म्हणजे वही फाडली ही चूक झाली असं म्हणावं लागलं असतं. तेवढं एक वाक्य तोंडातून निघेना, म्हणून कॉलेज सुटलं. बाबा "पोरगं पाण्यात गेलं" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण माझं ओळखपत्र अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे मी पाहिलंय. ते त्यांच्याकडेच राहू द्यावं. इतक्यात टाकू नये.

कलम चार. बँकवाल्यांना मला हसण्याचा हक्क, पूर्ण तीन मिनिटं, मध्ये न थांबवता. त्याहून जास्त हसले तर मी जिवंत होईन.

कलम पाच, आणि खरं म्हणजे हेच एक. परवा बहीण दुकानात जाऊन आली. म्हणाली, "दादा, ती भिंगवाली येत्या सोमवारी चालली. समुद्राकाठी मासे पैदास करायचं केंद्र आहे ना, तिथे नोकरी. दोन वर्षं."

"मग मी काय करू?"

"काही नको करू. तिने विचारलं, जाळी लावतो का आता नीट."

"आणखी?"

"वहीचं ते पान उघडंच ठेवलंय. काका म्हणतात नवीन पान घे, ती घेत नाही."

तेव्हापासून मला झोप नाही. आज तिचा शेवटचा रविवार. म्हणून हा चार तुऱ्यांचा नर मी तिला देतो. डब्यात घेतला आहे, झाकण घट्ट आहे, तीनदा तपासलं. जातीचं नाव तिने लिहावं, मी सांगणार नाही. माझी ओळ मी माझ्या हाताने, लाल पेनाने खोडेन, आणि खाली "माहीत नव्हतं" असं लिहून सही करेन. दाराच्या नव्या काचेचं माप घेतलं आहे, ती मीच बसवेन.

पहिल्या रविवारपासून तिच्याविषयी मला जे वाटतं, ते वहीत लिहिण्यासारखं नाही. ते तोंडाने सांगेन. तिच्या मनात काय आहे? याचीही मी चार महिने छातीठोक उत्तरं देत होतो: सकाळी हो, संध्याकाळी नाही. आज लिहितो: माहीत नाही. आणि गंमत म्हणजे हे लिहून बरं वाटतंय.

साक्षीदार:

१. समोरच्या शिवणकामवाल्या मावशी. (त्यांच्या हस्ताक्षरात: "मी वाचलं नाही. पोराने दाढी केली आहे, म्हणजे शुद्धीवर आहे.")

२. खालचे सायकल दुरुस्तीवाले काका. (त्यांच्या हस्ताक्षरात: "वाचलं. लवकर जा.")

सही: ज्याला दुकानात भडकू म्हणतात तो.

ठिकाण: टाकीसमोरचं स्टूल. तारीख: ती जाण्याचा आदला दिवस, सकाळचे साडेदहा.

ताजा कलम: कागद जाळीवर ठेवतो आहे, म्हणजे तो उचलताना जाळी नीट आहे का ते बघाल. बहीण आतून ओरडते आहे, "दादा, दार हळू!" डबा छातीशी धरला आहे. निघालो. दार लावून घेतो, न आपटता.