हॉर्न दिला होता

अण्णा, माझ्या उजव्या मांडीत आता रॉड आहे. पावसाळी हवेत तो ठणकतो, जिना उतरताना ठणकतो, आणि खालून एखादी गाडी लांबलचक हॉर्न मारत गेली की तेव्हाही ठणकतो. डॉक्टर म्हणतात, असं काही नसतं. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही. तिथीला पान वाढलं, हात जोडले, झालं. पण हल्ली काही महिने घरात बसून काढले आणि तेव्हापासून डोक्यात सारखं तुमच्याशीच भांडण चालू आहे. आज ते कागदावर काढते आहे.

आपलं मरोळचं घर आठवतंय ना. तुम्ही खोक्यांच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचात. एमआयडीसीतून माल भरायचा, कुर्ल्याला नाहीतर भिवंडीला पोचवायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्याशेजारी पाटावर जेवायला बसलात की दिवसभराचा रस्ता तुमच्या तोंडून बाहेर पडायचा. रिक्षावाले, हातगाडीवाले, मध्येच थांबणाऱ्या बसगाड्या, कुणाला सोडायचा नाहीत. पण सगळ्यात जास्त राग सायकलवाल्यांवर. "हँडल धरता येत नाही आणि येतात रस्त्यावर मरायला." आई कालवण वाढत म्हणायची, "जेवा आधी, मग मारा त्यांना." मग तुम्ही नक्कल करायचात, हॉर्न ऐकून दचकलेला सायकलवाला कसा तिरपा तिरपा गटारापर्यंत जातो त्याची. बसल्या बसल्या खांदे असे काही हलवायचात की मला हसून हसून ठसका लागायचा. घरात तेव्हा टीव्ही नव्हता. करमणूक म्हणजे तुम्हीच.

मग एका संध्याकाळी तुम्ही आलाच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचा मॅनेजर तुम्हाला पोलीस स्टेशनातून घेऊन आला. तुम्ही सरळ मोरीत गेलात आणि खूप वेळ पाणी ओतून घेत राहिलात. चाळीतल्या बायका दारात उभ्या होत्या. साकीनाक्याच्या पुढे, कुर्ल्याकडे जाताना, एक पाववाला सायकलसकट टेम्पोखाली आला होता. जागीच गेला. आई सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, "तो मध्ये आला हो अचानक, हे काय करणार?" त्या वाक्याला सगळ्या बायका माना हलवत होत्या. थोड्या दिवसांनी तुम्ही परत टेम्पो चालवायला लागलात. काही वर्षांनी कोर्टातून सुटलात. तेव्हा तुमच्या शेजारी बसणाऱ्या क्लीनरनंही तेच सांगितलं, सायकलवाला अचानक मध्ये आला. त्या दिवशी आईनं शिरा केला होता.

त्या पाववाल्याचं नाव आपल्या घरात कुणी उच्चारलं नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. मला आजही माहीत नाही. त्याला बायको होती का, पोरं होती का, गाव कुठलं, काही नाही. फक्त आपल्या घरात पाव यायचा बंद झाला. सकाळी चहाबरोबर मला पाव लागायचा, तर आईनं त्या जागी रात्रीची चपाती ठेवायला सुरुवात केली. मी एकदा विचारलं, "पाव का नाही आणत गं?" तिनं तुमच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "गप खा." मी गप खाल्लं. सातवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय हवंय तुला?" मी पटकन म्हटलं, "सायकल." तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "माझ्या घरात सायकल येणार नाही! परत नाव काढायचं नाही!" दोन दिवसांनी घड्याळ आणलंत, सोनेरी पट्ट्याचं. मी ते लग्नापर्यंत वापरलं. पण सायकल मी शिकलेच, अण्णा. तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या त्या दुकानातून घेऊन, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. तुम्हाला कळलं असेलच. 

मुलुंडला आमच्याकडे तुम्ही शेवटचे आलात तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. जिन्याखाली माझी सायकल होती. तुम्ही धापा टाकत वर आलात आणि पाणी पिण्याआधी म्हणालात, "ती कोणाची?" मी म्हटलं, माझी. "विकून टाक." मी हसले. म्हटलं, "अण्णा, मी काय लहान आहे आता? बाजार, लॅबची नोकरी, सगळं तिच्यावरच होतं माझं. आणि एवढा राग कशाला सायकलवर? तुम्ही काय मुद्दाम केलं होतंत? तो मध्ये आला." आईचंच वाक्य मी तुम्हाला दिलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होतात. ओट्याकडे बघत, एरवी माझ्याशी कधी बोलत नव्हतात त्या मालवणीत म्हणालात, "मध्ये खंय इलो? मिया तेका बघितलंय. लांबसून बघितलंय. हॉर्न मारलंय. माका वाटलां, सरकतलो."

माझ्या हातात चहाचं भांडं होतं. मी विचारलं, "आणि ब्रेक?"

"ब्रेक मारूक व्हयो होतो," एवढंच म्हणालात. मग चहा प्यायलात, नातवाचा अभ्यास विचारलात, घरी गेलात. पुढच्या काही महिन्यांत तुम्ही गेलातच.

मला तुमचा राग येतो तो ह्याचा. माणूस मारलात ह्याचा राग नाही, म्हणजे आहे, पण तो फार जुना आहे आणि त्याला आता धार नाही. पण जे कोर्टात सांगायचं होतं, जे त्या माणसाच्या दारात जाऊन सांगायचं होतं, ते तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आणून टाकलंत आणि मोकळे झालात. मी काय करायचं होतं त्याचं? कुणाला सांगायचं होतं? आईला? ती शेवटपर्यंत देवासमोर तेच म्हणत राहिली, की माझ्या माणसाची काही चूक नव्हती.

आता माझं ऐका. एलबीएस रोड तुम्ही बघाल तर ओळखणार नाही. मधोमध मेट्रोचे पत्रे लागलेत, दोन्ही बाजूंना जेमतेम गाडी जाईल एवढा रस्ता उरलाय, त्यात खड्डे, त्यात दुकानांसमोर उभ्या केलेल्या स्कूटर. मी रोज सकाळी तिथून जायचे. वय झालेल्या लोकांच्या घरी जाऊन उपाशीपोटी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि भांडुपच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे माझं काम. गल्ल्याबोळांत शिरायला सायकल झकास. पण मोठ्या रस्त्यावर आलं की रोज कोणीतरी काच खाली करायचंच. "आंटी, फुटपाथ पे चलाओ ना!" फुटपाथवर वडापावची गाडी, चपलांचं दुकान आणि ट्रान्सफॉर्मर. एकदा एका स्कूलबसवाल्यानं मुद्दाम एवढी जवळून बस नेली की माझ्या हँडलची मूठ पत्र्याला घासत गेली, आणि खिडकीतली पोरं टाळ्या वाजवत होती. एकदा सिग्नलला एका बाईनं, माझ्याच वयाच्या, गाडीतून मला सांगितलं, "तुमच्यामुळे आम्ही सगळे अडकतो." तिच्या पुढे गाड्यांची रांग पार सोनापूरपर्यंत लागलेली होती. मी बाजूला घ्यायचे, जाऊ द्यायचे, परत पुढे जायचे. पँटला गटाराच्या चिखलाचे डाग हे रोजचंच.

त्या सकाळी मागून एक गाडी आली. तिच्या आरशात माझं कोपर अडकलं आणि मी ओढल्यासारखी फिरून पडले. कॅरियरची पेटी सुटून रस्त्यात गेली आणि गाडीचं मागचं चाक तिच्यावरून गेलं. सकाळपासून घेतलेल्या सगळ्या नळ्या फुटल्या. डांबरावर एवढं रक्त बघून लोक ओरडायला लागले, एक बाई तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मी सांगत होते, "माझं नाही, माझं नाही ते," आणि त्यांना वाटत होतं मी भ्रमात बोलतेय. मांडी तेव्हा दुखतही नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच, की त्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना उद्या परत उपाशी ठेवायचं. गाडीतून एक मुलगा उतरला. तिशीचा असेल, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. त्यानं आधी आरसा बघितला. मी खाली पडलेली होते म्हणून मला नीट दिसलं. आरसा बघितला, त्यावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे वळला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मावशी, ह्या वयात कशाला सायकल चालवता?" रिक्षात घालताना आणखी एकजण म्हणाला, "गाडीवाल्याचं पण नशीब बघा, सकाळी सकाळी." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकानं विचारलं, हेल्मेट घातलं होतं का?

ऑपरेशननंतर तो मुलगा भेटायला आला, हातात शहाळी घेऊन. नवरा औषधं आणायला गेला होता. मुलगा स्टुलावर टोकाला बसला. चेहरा उतरलेला, झोप नसावी. मी त्याला सरळ विचारलं, "तू मला पाहिलं होतंस का रे?"

तो दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो मॅडम. लांबूनच दिसलात. हॉर्न दिला होता ना मी. वाटलं, साईडला व्हाल. सगळे होतात."

"आणि ब्रेक?"

"अंधेरीला मीटिंग होती. ऑलरेडी उशीर झालेला." आणि त्याचे डोळे भरून आले.

अण्णा, तुम्ही किती वर्षांनी बोललात, आणि हा पोरगा आठवड्याच्या आत बोलला. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट मला वाटलं, चला, एक तरी खरं बोलणारा निघाला. मी त्याला म्हटलं, "हे पोलिसांना सांगशील?" तो म्हणाला, "सांगतो." जाताना माझ्या पाया पडायला लागला, मी पडू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवरा पोलीस स्टेशनला जाऊन आला. मी विचारलं, त्यानं काय सांगितलं? नवरा म्हणाला, "काय सांगणार? महिला अचानक मध्ये आली, दिसली नाही." मी तिथल्या तिथे त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, वकील म्हणाले, पाहिलं होतं म्हटलं तर मी गेलो. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. समजून घ्या ना, प्लीज." मी म्हटलं, "पण तू पाहिलं होतंस." तो म्हणाला, "मी तुम्हाला सॉरी बोललो ना मॅडम," आणि फोन ठेवला.

मध्ये म्हणजे कशाच्या मध्ये, अण्णा? पाववाला तुमच्या पुढे चालला होता. मी ह्याच्या पुढे चालले होते. पुढे असलेला माणूस मध्ये कसा येतो? तुम्ही जन्म रस्त्यावर काढलेला माणूस, तुम्हीच सांगा. की मागून येणाऱ्याला जिथं पोचायचंय तिथपर्यंतचा सगळा रस्ता आधीच त्याचा असतो, आणि आम्ही फक्त सरकायला जन्माला येतो?

केस चालू आहे म्हणतात. तारीख पडते, मग पुढची पडते. एका तारखेला तो मुलगा दिसला, हातावर अजून मेंदीचा थोडा रंग होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. लॅबवाल्यांनी मला आता बसायचं काम दिलंय, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. आणि माझी सायकल नवऱ्यानं मी हॉस्पिटलमध्ये असतानाच भंगारवाल्याला दिली. मला न विचारता. घरी आल्यावर जिन्याखाली रिकामी जागा दिसली तेव्हा तोच म्हणाला, "परत आलीस ना तू? मग बस झालं. माझ्यात परत ते बघायची ताकद नाही." तो चुकीचं बोलला असं नाही म्हणता येणार. पण माझी बाजू घेऊन कोणी भांडेल असं मला एकदा तरी वाटलं होतं, आणि घरात आता उरलेला एकुलता एक माणूससुद्धा मला रस्त्यावरून बाजूलाच घेत होता.

हे कागद मी कुठे ठेवणार नाही, घडी घालून देवाच्या कपाटात तर नाहीच. लिहून झालं की फाडून टाकीन. म्हणून हेही लिहिते. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं मला विचारलं होतं, "ताई, हॉर्न ऐकू आला होता का?" मी म्हटलं, आठवत नाही. त्यानं तसंच लिहून घेतलं.

मला आठवतं, अण्णा. लांब हॉर्न होता, दोनदा. डाव्या हाताला, बंद दुकानापुढे, सरकायला जागासुद्धा होती. मी सरकले नाही.