फोनला कुणी विचारलं

सोमवार, ३ तारीख
आलो बाबा एकदाचे! तिसरा मजला, दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. सामान लावून कंबर मोडली, पण जीव हरखलाय. ठकी रांगत दोन्ही खोल्या फिरून आली, जशी काय घराची मालकीण. ही वही वन्संनी दिली. म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा वहिनी, अक्षर सुधारेल, उद्या लेकीला शिकवायला बरं. चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

बुधवार, ५
ह्यांनी नवा फोन घेतला, जुना मला दिला. मला टाइप जमत नाही म्हणून माइकचं बटण दाखवलं. आपण बोलायचं, तो इंटरनेटवर शोधून वाचूनसुद्धा दाखवतो. दुपारभर खुळ्यासारखी विचारत बसले. ऑक्टोपसला तीन काळजं असतात म्हणे! आणि एक मासा झोपताना स्वतःच्याच शेंबडाची मच्छरदाणी करतो. गॅसवरचं दूध उतू गेलं. हे म्हणाले, आता फोनबरोबरच संसार कर.

शुक्रवार, ७
जुने प्रश्न कुठे दिसतात ते ह्यांनी शिकवलं. ऑक्टोपसच्या वर एक होता. 'नऊ महिन्यांचं बाळ काय खातं?' ठकी नऊ महिन्यांचीच आहे. पण मी कशाला विचारू? मला माहीत नाही होय ती काय खाते? ह्यांनीही नाही विचारलं. म्हणाले, विसरली असशील. असेल.

सोमवार, १०
आणखी एक. वेळ सकाळी दहाची. तेव्हा मी ठकीला कडेवर घेऊन गच्चीत कपडे वाळत घालत होते. हे कामावर. फोन घरात, दाराला कुलूप. 'बाळ आईला कशावरून ओळखतं?' खाली उत्तर होतं. आधी वासावरून, मग आवाजावरून.
धुवायच्या बादलीतला माझा कालचा गाऊन सापडत नाही. दोनदा बादली उपसली.

मंगळवार, ११
ह्यांनी फोनला आवाजाचं कुलूप लावलं. माझ्या आवाजाशिवाय उघडणार नाही. हे बोलले, शेजारीण बोलली, फोन ढिम्म. जिवात जीव आला.

बुधवार, १२
सकाळी अकराला फोनचं कुलूप उघडलंय कुणीतरी. मी ठकीला घेऊन खाली दुकानात होते, फोन घरात. 'बाळ आईला किती दिवसांत विसरतं?'
उत्तर वाचलं नाही. फोन पालथा ठेवला.

गुरुवार, १३
ठकी माझ्याकडे येईना. घेतलं की रडते. आतल्या खोलीकडे हात पसरते. आत कुणी नाही, तीनदा बघितलं. माझा घसा बसलाय. ह्यांच्या पाया पडले, इथून चला. उद्या संध्याकाळी माहेरी सोडतात.

शुक्रवार, १४
आवाज पुरता गेला. ओरडले तर नुसती हवा. फोन मला ओळखत नाही — ह्यांना कळवू कसं — दार बाहेरून लावल्यासारखं — किती वाजवलं —
आतून हाक आली. ठकूबाई, ये गं माझी सोनी.
माझा आवाज.
ठकी हसली. सुटली हातातून. उंबऱ्यावर माझा गाऊन घातलेली कुणी —
तिनं ठकीला उचललं. आत. दोघी दिसत नाहीत. माझं अंगाईगीत म्हणतेय ती — मी जाते आत — आधी हे लिहिते —
अहो, आल्यावर माझा आवाज ऐकलात तर फसू नका. जिला बोलता येत नाही ती मी. जी दार उघडून तुमच्याशी बोलेल ती —