लाल वर्तुळातला माणूस

मियागाओ,
१४ सप्टेंबर

प्रिय लिन,

तुझं खोकं शुक्रवारी पोचलं. कॉफी, साबण, टॉवेल, सगळं नीट आहे. अननसाचे केक मी दोनच ठेवले, बाकीचे गल्लीत वाटले. खोकं रिकामं करून, आतून पुसून पलंगाखाली ढकललं. आता तिथे जागा उरली नाही म्हणून दोन कपाटावर चढलीत. वाचताना तू कपाळाला हात लावला असशील. मागच्या रविवारी फोनवर म्हणालीस ना, की नानाय, तू गेलीस की शवपेटी आणायला नको, तुझी ही खोकीच पुरतील. शेजारच्या तिया कोंचिंगने कोंबडीच्या पिल्लांसाठी एक मागितलं, तेही मी दिलं नाही. ती रागावली आहे. रागावू दे.

पत्र हाताने लिहितेय आणि तुझ्या मामेभावाबरोबर पाठवतेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हसवत बसतेस. मला तुझ्याशी मालिकेच्या बाराव्या भागाबद्दल बोलायचं आहे. त्यात तू लाल वर्तुळ काढलंस त्या माणसाबद्दल. मध्येच ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

इथे ‘एजंट बायावाक’ची वेळ झाली की गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. सगळे कोंचिंगकडे. बायावाकचे जुने सिनेमे पाहिलेली आम्ही म्हातारी पुढच्या बाकावर, आणि आमच्या तोंडाचा पट्टा मालिकेहून जोरात चालतो. कोंचिंग म्हणते, जुना बायावाक नावाप्रमाणे घोरपडीसारखा भिंतीला चिकटायचा, या नव्याला आरशाला चिकटायची हौस. पळताना केससुद्धा हलत नाही मेल्याचा. तियो बेरतिंग पोलिसातून निवृत्त झालेला, तो प्रत्येक पिस्तुलातल्या गोळ्या मोजतो आणि सहाच्या वर सातवी सुटली की जाहिरात लागेपर्यंत कुणाला काही ऐकू देत नाही. तरी उठून कुणी जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे जमतात ते तुझ्यासाठी. कोंचिंगची सून फोन हातात धरून तू इंटरनेटवरच्या तुझ्या पानावर मालिकेची खिल्ली उडवतेस ते मोठ्याने वाचते. तैवानमधल्या कारखान्यात काचा तपासणारी माझी लेक रात्रपाळीच्या आधी एवढं लिहिते आणि देशभरातले लोक ते वाचून पोट धरून हसतात, याचा मला किती अभिमान वाटतो ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते.

बाराव्या भागात बायावाक भाताच्या गिरणीच्या छपरावरून उडी मारतो ना, तेव्हा चित्र क्षणभर जुनाट झालं. तियो बेरतिंगने लगेच ओळखलं. म्हणाला, ही तिसऱ्या सिनेमातली उडी आहे, यांनी आयती उचलली, कष्ट वाचवले. मी तिसरा सिनेमा कधी पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला की मी भांडी घासायला उठायची, तुला आठवत असेल. या वेळी उठायला वेळच मिळाला नाही. तीन सेकंद पाठ दिसली. मी घरी आले आणि तशीच बसून राहिले.

सकाळी सुनेने तुझं वाचलं. तू चित्र थांबवून त्या माणसाच्या डाव्या हाताभोवती लाल वर्तुळ काढलं होतंस आणि लिहिलं होतंस की हा बायावाक नाही, ही तर भाजलेली कोंबडी, पंख बघा केवढा वाकडा. त्याखाली लिहिलंस, “असा उडी मारून पळालेला एकच माणूस मला माहीत आहे, माझा बाप. त्यालाही वळून बघायची सवय नव्हती.” चाळीस हजार लोक हसले, असं सून म्हणाली. गल्ली हसली. आणि लिन, मीही हसले. हसले नसते तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. आता पोरंटोरं समुद्राच्या बांधावरून डावा हात मुडपून वाळूत उड्या मारतात, त्याला कोंबडीची उडी म्हणतात, आणि मी तिकडची वाट सोडून मागच्या बाजूने बाजारात जाते.

तो हात वाकडा होता कारण कोपर एकदा मोडलं होतं आणि हाडवैद्याने ते घाईत बसवलं. मीच त्याला घेऊन गेले होते. तू दोन वर्षांची होतीस, त्याच हातावर झोपायचीस. तो तुझा बाप आहे, लिन, तुझा ताताय.

मी सांगत आले तसा तो जहाजावर कधी गेलाच नाही. तो सिनेमात डुप्लिकेट होता. नायक छपरावर चढेपर्यंत नायक, खाली येईपर्यंत तुझा ताताय. मी मनिलाला, कुबाओतल्या वाणसामानाच्या दुकानात कामाला होते तेव्हा तो रोज मागच्या दाराशी येऊन रिकामी खोकी मागायचा. मला वाटलं, घर बदलतोय. एवढी खोकी लागावीत असं कसलं घर, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, हे माझं अंथरूण. खरंच होतं ते. ते लोक खोक्यांवर खोकी रचायचे, वर गाद्या टाकायचे आणि त्यावर पडायचे. दुधाच्या डब्यांची खोकी सगळ्यात चांगली, जाड पुठ्ठ्याची, हळूहळू बसतात. नूडल्सची पातळ, एका दमात खाली जातात. मग मी दुधाची खोकी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले. बाकीच्या मुलींना फुलं मिळायची आणि मी खोकी देत बसले, अशी तो माझी चेष्टा करायचा. लग्नानंतरही आमच्या पलंगाखाली खोकीच असायची.

तिसऱ्या बायावाकची ती उडी मारून तो उठला नाही. सिनेमात उडी ठेवली, खालचं कापलं. सिनेमा संपल्यावर नावं येतात, त्यात त्याचं नव्हतं असं त्याच्याबरोबरच्यांनी मला सांगितलं. दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तुला आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला सांगून मी दोन दिवस मनिलाला कामासाठी जायची, ते काम म्हणजे त्याचं थडगं. तू चार वर्षांची होतीस. ताताय कुठे, असं विचारलंस आणि माझ्या तोंडून जहाजावर असं निघून गेलं. इथे आईकडे परत आले, इथेही तेच सांगितलं. जहाज काही आलं नाही, तेव्हा गावानेच ठरवलं की त्याने कुठेतरी दुसरं घर केलं असणार. मी मूग गिळून बसले. तू शाळेत त्याच्यावरून भांडून, ओठ फोडून घेऊन घरी आलीस, तेव्हाही बसले. तू कुणाला होकार देत नाहीस, पुरुष म्हणजे जहाज म्हणतेस, तेव्हाही. माणूस मेला हे सांगणं एवढं कठीण नव्हतं. पण मेला म्हटलं की तू विचारणार कसा, आणि पडला म्हटलं की विचारणार, खाली काही नव्हतं का. तुझ्या या दुसऱ्या प्रश्नाला मी सत्तावीस वर्षं घाबरले.

कोपर मोडल्यावर त्याने पुन्हा उडी न मारण्याचं वचन दिलं होतं. मग गिरणीचं काम आलं आणि त्याने मला न विचारता हो म्हटलं. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. उडीच्या त्या गुरुवारी तो तुला घेऊन कोपऱ्यावर पाव आणायला गेला, तेवढ्यात मी पलंगाखालची दुधाची बत्तीसच्या बत्तीस खोकी ओढून काढली, पायाने तुडवून सपाट केली आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. मला वाटलं, खोकी नाहीत तर उडी नाही. तो आला, वाकून पलंगाखाली पाहिलं. रागावला असता तरी बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, “दोराय, अशाने का कुणी घरी बसतं? नूडल्सची मिळतील तिथे.” आणि तुझ्या गालाचा मुका घेऊन गेला. हे मी कबुलीच्या वेळी पाद्र्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. खोकी मी का फेकत नाही, ते आता तुला कळलं.

आता मागणं सांगते. ते चित्र तू लाजून पुसून टाकशील, म्हणून आधीच लिहितेय. पुसू नकोस. इतक्या वर्षांत लोकांनी पहिल्यांदाच नायकाला सोडून त्याच्याकडे पाहिलं, हसायला का होईना. वर्तुळ राहू दे, त्याखाली त्याचं नाव लिही, एलपिदियो माकारायग. घरी पिद्योंग म्हणायचो. माझ्या खोक्यांचं लिहायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही, आणि फोन केला नाहीस तरी समजेन. फक्त वळून बघायची सवय नव्हती, तेवढं वाक्य खोड. डुप्लिकेटला कॅमेऱ्यासमोर वळायची मनाई असते, चेहरा दिसला की उडी वाया. गल्लीच्या टोकाला मात्र तो रोज वळायचा. त्या दिवशीही वळला. दारात तू उभी होतीस, पावाचा तुकडा धरलेला हात हलवत. मी आत होते. मी बाहेर आले नाही.

तुझीच,
नानाय