शेंडीखालचा हिरवा ठिपका

१४ सप्टेंबर
पोलीस ठाण्यातल्या बाकाला खिळा आहे. नवी पँट गेली. मराठवाड्याच्या अनुशेषात हा खिळा अजून कुणी धरलेला नाही. अधिवेशनात लक्षवेधी मांडा, पँट मी सभागृहापुढं ठेवतो.

बाकी किरकोळ. नवरात्रासाठी लातूरहून माहूरला निघालेला माझा नारळांचा टेम्पो काल लोह्याच्या पुढं उलटला. ड्रायव्हर बाबूमियाँ हात मोडून पडलेला, आणि गाव त्याला ओलांडून नारळ नेतंय. पोत्यात, घमेल्यात, हेल्मेटात. "देवीचाच माल हाय, देवीनंच दिला," असं एकजण त्याच्या छाताडावरून पाय टाकताना म्हणाला.

जमादार विचारतात, "नारळाची ओळख काय?"
म्हटलं, शेंडीखाली हिरवा ठिपका. गेल्या साली माहुरात शेजाऱ्याच्या ढिगात माझा माल मिसळला, तेव्हापासून देतो.
"नारळाला टिकली! लई हौशी हाय तुमी."

१६ सप्टें.
नांदेडला दवाखान्यात. बाबूमियाँच्या हाताला प्लास्टर. उशाखाली फाटकं लुगडं, नीट घडी घातलेलं. रस्त्याकडेच्या घरातल्या कौसाबाईनं फाडून त्याचा हात गळ्यात बांधला होता. "मालक, ती एकटीच माझ्याकडं बघून राहिली होती. बाकी समदे नारळाकडं. तेवढं लुगडं भरून द्या."
भरून द्यायचं. विसरू नये.

१९ सप्टें.
तपासाचा कागद वाचला. काय कल्पनाशक्ती! चालकानं संगनमत करून माल परस्पर विकला असावा म्हणे.
"जमादार, हात मोडून घेऊन?"
"मग काय अख्खं गाव आत घालू? एक नाव द्या."
"नाही दिलं तर?"
"आमच्याकडं एक हाय की. प्लास्टर निघालं का उचलतो."
म्हणजे न्याय मागायला मी गेलो आणि तो माझ्याच माणसावर...

२० सप्टें.
शाळेत मास्तर सांगायचे, पूर्वी कंधारच्या राज्यात व्यापारी लुटला, की चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत संपे, त्या गावानं माल भरून द्यायचा. आता माग काढायची गरजच नाही. घराघरातून खोबऱ्याचा वास येतोय. राजे मात्र आहेत. मंगळवारी आमदारसाहेबांचा जनता दरबार. ही म्हणते, "जाऊ नका, आहे तेही घालवून याल."

२३ सप्टें.
गेलो. मंडप, कूलर, साहेब. दाराशी त्यांचा पीए.
"विषय?"
"चोरी."
"ही बदल्यांची रांग हाय. चोरीची तिकडं."

तीन रांगा बदलून पोचलो. साहेबांनी अर्धं वाक्य ऐकलं, त्या गावच्या सरपंचाकडं पाहिलं, माइक घेतला. "लातूरच्या या दानशूर व्यापाऱ्यानं देवीचा प्रसाद आपल्या गावात घरोघर वाटला!" टाळ्या. सरपंचाच्या सगळ्यात मोठ्या. लगेच शाल, श्रीफळ. मी शेंडी बाजूला सारली.
हिरवा ठिपका.
म्हटलं, "साहेब, हा माझा आहे."
"तुमचाच हो! समदं तुमचंच हाय!" पुन्हा टाळ्या.

खाली उतरलो तर पीएनं कोरा कागद खिशात कोंबला. "माल दान केला, असं लिहून द्या. चोरीच झाली न्हाई, तर ड्रायव्हर कशात अडकंल? सोमवारपर्यंत."

लिहिलं तर बाबूमियाँ सुटतो, आणि तो सारा दरोडा माझं पुण्य होतो. नाही लिहिलं तर मी खरा आणि तो आत. अशी दुहेरी धार आमच्या अडत्यांच्या जिभेलाही नाही. हरामखोर.

२५ सप्टें.
बाबूमियाँला सांगितलं. "तुमी खोटं लिवू नका मालक," म्हणाला. मग विचारलं, "प्लास्टर कवा काढत्यात?"

२८ सप्टें., रविवार
कौसाबाईकडं. रस्त्यालगत पत्र्याचं घर, भिंतीवर बुद्ध.
"नारळं घावली का भाऊ?"
पिशवीतून काढून दाखवला. "एवढा एक."
"आण इकडं. आमाला देवाला लागत न्हाई, पर चटणी झ्याक हुईल."
"मावशी, हा पुरावा आहे."
"मग लवकर फोड. पुरावा नासका निघतुया लई दिस ठिवला तर."

हसलो. बऱ्याच दिवसांनी. पुरावा पिशवीत परत टाकला.

"त्या साहेबाला काय लिहून देनार?" तिलाही कळलंय. सगळ्या गावाला कळलंय. समोरच्या टपरीवरची चारजणं चहा थांबवून माझ्याकडंच बघत होती.
कागद अजून खिशात कोराच. नवं लुगडं बाजेवर ठेवलं. तिनं पदर बोटांत चोळून पाहिला.
"माझं याच्याहून जाड हुतं," म्हणाली. "पर असू दे. फिटलं."